टेकऑफनंतर लगेच इंजिन बंद पडलं, तर पायलट मागे का वळत नाहीत?

२८ जून २०१८. दुपारी एकच्या सुमाराला घाटकोपर पश्चिमेच्या सर्वोदय नगरमध्ये, जीवदया लेनमधल्या बांधकाम सुरू असलेल्या जागेवर एक छोटं विमान कोसळलं. ते 'किंग एअर सी-९०' जातीचं, दोन इंजिनांचं विमान होतं. जुहूहून चाचणीसाठी निघालेलं हे विमान परतीच्या वाटेवर होतं. विमानातले चौघे आणि रस्त्यावरून जाणारा एक पादचारी, असे पाच जण गेले. साइटवरचे बरेच कामगार जेवणाच्या सुट्टीवर होते, म्हणून मृतांचा आकडा वाढला नाही.

घाटकोपरचा अपघात टेकऑफनंतर लगेच घडलेला नव्हता. पण त्या दिवसापासून उपनगरातल्या लोकांच्या मनात एक प्रश्न बसला. डोक्यावरून जाणाऱ्या लहान विमानाचं इंजिन बंद पडलं, तर पायलट नेमकं काय करतो? आणि विमानतळ मागे दिसत असताना तो सरळ वळून परत का येत नाही?

उत्तर ऐकायला विचित्र वाटतं. उड्डाण करून काही सेकंदच झाली असतील, तर मागे वळणं हा बहुतेक वेळा सगळ्यात धोकादायक पर्याय असतो. जगभरातल्या फ्लाइंग स्कूलमध्ये हे अगदी सुरुवातीच्या धड्यांत शिकवतात. पायलटांनी त्या वळणाला नावही दिलंय, 'इम्पॉसिबल टर्न', म्हणजे अशक्य वळण.

असं का, ते सगळ्यात हलक्या विमानांच्या उदाहरणाने समजून घेऊ. कारण तिथे हे गणित सगळ्यात कडक आहे.

अल्ट्रालाइट म्हणजे कोणतं विमान?

एक-दोन माणसांपुरतं, अगदी हलकं, बहुतेक वेळा एकच इंजिन असलेलं विमान म्हणजे अल्ट्रालाइट. आपल्याकडे 'मायक्रोलाइट' हा शब्द जास्त चालतो. व्याख्या देशागणिक बदलते. अमेरिकेत इंजिन असलेल्या अल्ट्रालाइटचं रिकामं वजन साधारण ११५ किलोपेक्षा कमी असावं लागतं, पेट्रोल जास्तीत जास्त १९ लिटर आणि वेग ताशी सुमारे १०२ किलोमीटरपर्यंत. युरोपात बरीच वर्षं दोन माणसांच्या मायक्रोलाइटसाठी माणसं आणि इंधन धरून ४५० किलोची मर्यादा प्रचलित होती. म्हणजे भरलेलं विमान मारुती ८०० पेक्षाही हलकं.

भारतात एनसीसीच्या एअर विंगचे कॅडेट मायक्रोलाइटमध्येच पहिल्यांदा आकाशात जातात. २०१५ मध्ये भारताने स्लोव्हेनियाच्या पिपिस्ट्रेल कंपनीकडून 'व्हायरस' जातीची १९४ विमानं घेण्याचा करार केला होता, त्यातली बरीच एनसीसीसाठी होती.

मुंबईकरांनी 'मायक्रोलाइट' हा शब्द बहुतेक पोलिसांच्या आदेशांमध्ये वाचलेला असतो. ड्रोन, पॅराग्लायडर, रिमोटवर चालणारं मायक्रोलाइट आणि हॉट एअर बलून उडवायला बंदी, अशा बातम्या शहरात अधूनमधून येतच असतात. ही बंदी सुरक्षेच्या कारणासाठी असते.

टेकऑफनंतरचं पहिलं मिनिट इतकं नाजूक का?

विमान उंचावर असेल आणि इंजिन बंद पडलं, तरी ते दगडासारखं खाली पडत नाही. ते घसरगुंडीवरून उतरावं तसं तरंगत खाली येतं. याला ग्लाइड म्हणतात. फ्लाइंग स्कूलमध्ये दिसणारं सेस्ना १७२ हे विमान एक किलोमीटर उंचीवरून साधारण नऊ किलोमीटर पुढे जाऊ शकतं. पिपिस्ट्रेल व्हायरससारखं गुळगुळीत विमान सुमारे सतरा किलोमीटर जातं. पण उघड्या नळ्या, तारा आणि कापडी पंख असलेलं साधं अल्ट्रालाइट पाच-सहा किलोमीटरच जातं, कारण हवेचा विरोध खूप असतो.

म्हणजे उंची ही पायलटच्या खिशातली रोकड. टेकऑफनंतर लगेच ती नसते.

त्यात भर म्हणजे त्या क्षणी विमानाचं नाक वर असतं, वेग कमी असतो आणि इंजिन पूर्ण ताकदीने ओढत असतं. ती ओढ अचानक थांबली की वेग झपाट्याने उतरतो. जड विमानाला स्वतःच्या वजनामुळे थोडी गती टिकवता येते. अल्ट्रालाइट इतकं हलकं असतं की वर चढताना इंजिन बंद पडलं, तर दोन-तीन सेकंदांत वेग धोक्याच्या खाली जाऊ शकतो. चढणीवर सायकलचं पायडल थांबवल्यावर जे होतं, तेच.

पहिलं काम: नाक खाली

इथे एक शब्द समजून घ्यायला हवा, स्टॉल. गाडी स्टॉल झाली म्हणजे इंजिन बंद पडलं, असं आपण म्हणतो. विमानाच्या बाबतीत अर्थ वेगळा आहे. पंख हवेला फार मोठ्या कोनात तोंड देऊ लागले की त्यांच्यावरून हवा नीट वाहत नाही आणि विमानाला वर उचलणारा जोर एकदम कमी होतो. हा स्टॉल. वेग कमी झालेला असताना नाक वर ओढत राहिलं की हीच वेळ येते. इंजिन व्यवस्थित चालू असतानाही विमान स्टॉल होऊ शकतं.

जमिनीजवळ स्टॉल झाला आणि एक पंख आधी पडला, तर विमान गिरकी घेत खाली येतं. त्यातून बाहेर पडायला जी उंची लागते, ती तेव्हा नसते.

म्हणून इंजिन गेलं की पहिली कृती एकच, कंट्रोल पुढे ढकलून नाक खाली करायचं आणि ग्लाइडचा वेग पकडायचा. मनाला हे पटत नाही. समोर जमीन दिसत असते आणि हात आपोआप नाक वर ओढायला जातो. म्हणून प्रशिक्षक विद्यार्थ्यांकडून हा सराव अंगवळणी पडेपर्यंत करून घेतात.

ज्या अल्ट्रालाइटचं इंजिन पंखाच्या वर, पाठीमागच्या बाजूला असतं, त्यांच्यात आणखी एक गंमत असते. चालू असताना ते इंजिन वरून ढकलत नाक थोडं खाली दाबत असतं. ते बंद पडलं की नाक स्वतःहून वर जाऊ पाहतं. म्हणजे नेमकं नको तेच होतं.

मागे वळण्याचं गणित

समजा, एक साधं अल्ट्रालाइट ३०० फुटांवर आहे. म्हणजे ९० मीटर, साधारण तीस मजली टॉवरइतकी उंची. ग्लाइडचा वेग ताशी ८० किलोमीटर आणि एक मीटर खाली येताना ते सहा मीटर पुढे जातं.

सरळ गेलं तर हातात सुमारे २५ सेकंद आणि ५४० मीटर. म्हणजे बारा डब्यांच्या दोन लोकल एकामागोमाग उभ्या केल्या, तर त्यांच्या लांबीएवढं अंतर.

आता मागे वळायचं ठरवलं तर? पंख ३० अंश कलवून अर्धं वर्तुळ पूर्ण करायला बारा सेकंदांहून जास्त वेळ लागतो. वळणात विमान एरवीपेक्षा जास्त वेगाने खाली येतं. त्यामुळे 'हे काय झालं' हे कळण्यात गेलेले पहिले दोन-तीन सेकंद धरले, तर वळण संपेपर्यंत निम्म्याहून जास्त उंची गेलेली असते. आणि तरीही विमान धावपट्टीच्या रेषेवर नसतं. ते तिच्यापासून सुमारे पावणेदोनशे मीटर बाजूला असतं. रेषेवर यायला पुन्हा एक वळण, मग सरळ होण्यासाठी उलट वळण. हातात उरतात जेमतेम आठ-दहा सेकंद.

मग पायलटला वाटतं, वळण घट्ट करू. इथेच घात होतो. विमान जितकं जास्त कलतं, तितका स्टॉलचा वेग वाढतो. ४५ अंशांवर तो १९ टक्क्यांनी वाढतो, ६० अंशांवर ४१ टक्क्यांनी. म्हणजे सरळ उडताना ताशी ६० किलोमीटरला स्टॉल होणारं विमान ६० अंशांच्या वळणात ८५ लाच स्टॉल होतं. आपलं विमान तर ८० ने चाललंय.

आणि समजा, यातूनही कुणी धावपट्टी गाठली, तरी वारा उलटतो. विमानं नेहमी वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने उड्डाण करतात. मागे वळून उतरायचं म्हणजे वारा पाठीमागून. वारा ताशी २० किलोमीटर आणि उतरण्याचा वेग ७० असेल, तर सरळ पुढे उतरताना जमिनीला टेकण्याचा वेग ५०, मागे वळून उतरताना ९०. टक्कर झाली तर तिच्यातली ऊर्जा तिपटीहून जास्त.

मग उतरायचं कुठे?

शिकवला जाणारा नियम साधा आहे. समोर उतरा, फार तर डावी-उजवीकडे ३० अंशांच्या पट्ट्यातली बरी जागा निवडा. 'बरी' म्हणजे विमान वाचेल अशी नव्हे, माणसं वाचतील अशी. पायलट साधारण या क्रमाने काम करतात:

• नाक खाली, ग्लाइडचा वेग पकडायचा.
• समोरच्या पट्ट्यातली मोकळी जागा ठरवायची. एकदा ठरवली की शेवटच्या क्षणी बदलायची नाही.
• वेळ असेल तरच इंजिन पुन्हा सुरू करून पाहायचं. पेट्रोलचा कॉक, इग्निशन यावर एक नजर.
• उतरणं नक्की झालं की पेट्रोल आणि इग्निशन बंद, म्हणजे आगीचा धोका कमी. पट्टे घट्ट, दार असेल तर कडी काढून ठेवायची.
• रेडिओवर बोलणं सगळ्यात शेवटी. आधी विमान सांभाळायचं, मग दिशा, मग बोलणं.
• जमिनीला टेकेपर्यंत विमान उडवत राहायचं. झाडाला धडकायचंच असेल तर ताब्यातल्या विमानाने, पंख समपातळीत ठेवून.

अल्ट्रालाइटचा कमी वेग इथे कामी येतो. ताशी ४५ किलोमीटरने टेकणाऱ्या विमानात ९० ने टेकणाऱ्या तितक्याच वजनाच्या विमानाच्या चौथा हिस्सा ऊर्जा असते. एखादं क्रिकेटचं मैदान, भाताचं कापलेलं शेत, रिकामा रस्ता यावरही ते उतरू शकतं.

मागे वळणं कायमचं निषिद्ध आहे का? नाही. पुरेशी उंची असेल तर वळता येतं. पण ती उंची किती, हे विमान, वारा आणि धावपट्टी पाहून जमिनीवर असतानाच ठरवायचं असतं. म्हणून शिस्तीचे पायलट टेकऑफआधी स्वतःशीच मोठ्याने बोलतात: इतक्या फुटांखाली इंजिन गेलं तर समोर, त्यावर गेलं तर अमुक बाजूला वळायचं. निर्णय आधीच झालेला असतो, हवेत फक्त तो पाळायचा.

पण समोर अंधेरी-पार्ला असेल तर?

'समोर उतरा' या नियमात एक गृहीतक लपलेलं आहे, की समोर काहीतरी मोकळं असेल.

जुहूचा विमानतळ १९२८ मध्ये सुरू झाला. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन इथेच उतरले. त्यांचं 'पस मॉथ' एका इंजिनाचं होतं. तेव्हा आजूबाजूला माडाच्या वाड्या, खाजण आणि समुद्र होता. पावसाळ्यात मैदानात इतका चिखल व्हायचा की टपालसेवेचा तळ पुण्याला हलवावा लागायचा. पण इंजिन दगा देईल त्या दिवशी उतरायला जागा होती.

आज जुहूची मुख्य धावपट्टी, ०८-२६, पूर्व-पश्चिम आहे. पश्चिमेला उड्डाण केलं की थोड्या इमारती ओलांडल्यावर समुद्र लागतो. पूर्वेला मात्र पार्ला, अंधेरी, पुढे घाटकोपरपर्यंत सलग वस्ती. समुद्र हाही मऊ गादी नव्हे, कारण चाकं बाहेर असलेलं लहान विमान पाण्यावर टेकताच पुढे कोलमडू शकतं. तरी पाण्यावर खाली माणसं नसतात.

उपनगरांच्या नकाशावर मोठ्या मोकळ्या जागा आता मोजक्याच उरल्यात. आरे, बोरिवली ते मुलुंड पसरलेलं सुमारे १०० चौरस किलोमीटरचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, भांडुप-मुलुंडची मिठागरं, ठाणे खाडीकाठची कांदळवनं. त्यातही जंगल म्हणजे मैदान नव्हे.

बॉम्बे फ्लाइंग क्लब ही जुहूची जुनी संस्था, पण तिचं उड्डाण प्रशिक्षण धुळ्याला चालतं. कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव यांच्या विमानाची उड्डाण चाचणीही धुळ्यातच झाली. शिकाऊ पायलट आणि नवं विमान, दोघांनाही खाली शेतं असलेलं आकाश बरं.

सांताक्रूझ, १९७६

मोठ्या विमानांचा हिशेब वेगळा असतो. त्यांना किमान दोन इंजिनं असतात आणि टेकऑफच्या वेळी एक गेलं तरी उरलेल्यावर उड्डाण पूर्ण करून परत येता यायला हवं, अशी अटच असते. म्हणून प्रवासी विमानाचे पायलट एक इंजिन गेल्यावर घाई करत नाहीत. ते आधी वर चढतात आणि मग फेरी मारून उतरतात.

तरी प्रत्येक वेळी सुटका होतेच असं नाही. १२ ऑक्टोबर १९७६ ला मध्यरात्रीनंतर इंडियन एअरलाइन्सचं मद्रासला निघालेलं फ्लाइट १७१ सांताक्रूझहून उडालं. उड्डाणानंतर लगेच या कॅराव्हेल विमानाचं एक इंजिन निकामी झालं. इंजिनातली एक चकती धातूच्या थकव्यामुळे फुटली होती. तिच्या तुकड्यांनी इंधनाची नळी तोडली आणि आग लागली. वैमानिक विमानतळाकडे परत वळले, धावपट्टी जवळ आली होती. पण आगीत हायड्रॉलिक तेल संपलं आणि त्यासोबत विमानावरचा ताबा गेला. धावपट्टीच्या अलीकडेच विमान कोसळलं. ९५ जण गेले. त्यात मल्याळम अभिनेत्री राणी चंद्रा, त्यांची आई आणि बहिणीही होत्या. इथे एका इंजिनाचं बंद पडणं निभावलं असतं, जीवघेणी ठरली ती आग.

१५ जानेवारी २००९ ला न्यूयॉर्कमध्ये पक्ष्यांच्या धडकेने एअरबस ए-३२० ची दोन्ही इंजिनं जवळपास २,८०० फुटांवर गेली. कॅप्टन सुलेनबर्गर यांनी विमान हडसन नदीत उतरवलं, सगळे १५५ जण वाचले. नंतर सिम्युलेटरवर तपासलं, तेव्हा धडकेनंतर त्याच क्षणी वळलं तर विमानतळ काही वेळा गाठता येत होता. पण परिस्थिती समजून निर्णय घ्यायला माणसाला लागणारा वेळ म्हणून ३५ सेकंद धरले, तेव्हा विमान पोहोचलं नाही.

१२ जून २०२५ ला अहमदाबादमध्ये एअर इंडियाच्या बोइंग ७८७ ला इतकाही वेळ मिळाला नाही. प्राथमिक अहवालानुसार टेकऑफनंतर काही क्षणांत दोन्ही इंजिनांचे इंधन स्विच एकामागोमाग 'कटऑफ'वर गेले आणि अर्ध्या मिनिटाच्या आसपास सगळं संपलं. विमानातले २४१ आणि जमिनीवरचे १९ जण गेले. क्रूमधले अनेक जण मुंबई, ठाणे, रायगड भागातले होते. या फ्लाइटचा नंबरही १७१ होता.

इंजिन बंद का पडतं?

लहान विमानांत कारणं बऱ्याचदा साधी असतात. पेट्रोलचा कॉक अर्धवट उघडा राहणं, पेट्रोलमध्ये पाणी मिसळणं, फिल्टर तुंबणं, टाकीत पेट्रोलच कमी असणं. अनेक अल्ट्रालाइटना जुन्या लुनासारखं टू-स्ट्रोक इंजिन असतं. त्यात ऑइलचं प्रमाण चुकलं किंवा इंजिन नीट गरम न होता पूर्ण ताकद लावली, तर पिस्टन जाम होऊ शकतो. दमट हवेत बाहेर उकाडा असतानाही कार्ब्युरेटरमध्ये बर्फ साचू शकतो.

यातलं बरंचसं जमिनीवरच पकडता येतं. टाकीच्या तळातून थोडं पेट्रोल बाटलीत काढून पाणी आहे का पाहणं, उड्डाणाआधी इंजिन जोरात चालवून बघणं, धावपट्टीवर वेग घेताना आकडे अपेक्षेपेक्षा कमी दिसले तर तिथेच थांबणं. त्यात दोन-चार मिनिटं जातात, एवढंच.

काही लहान विमानांना अख्खं विमान तोलणारं पॅराशूट असतं. अमेरिकेच्या बीआरएस कंपनीने १९८० च्या दशकात ते अल्ट्रालाइटसाठीच आधी आणलं. रॉकेटने ते बाहेर फेकलं जातं. पण उघडायला त्यालाही उंची लागते. टेकऑफनंतरच्या पहिल्या काही सेकंदांत त्याच्यावर विसंबता येत नाही.

व्हिडिओ बघताना हे लक्षात ठेवा

विमान अपघाताचा व्हिडिओ व्हायरल झाला की कॉमेंटमध्ये एक वाक्य हमखास येतं: 'धावपट्टी मागेच होती, वळला का नाही?' किंवा 'शेतात कशाला घातलं?' बऱ्याचदा शेतात उतरलेल्या पायलटने शिकवलेलं अगदी बरोबर केलेलं असतं. पंख मोडलेलं विमान आणि त्याच्या बाजूला उभी असलेली दोन माणसं हा फोटो अपयशाचा वाटतो, पण उड्डाणाच्या भाषेत तो निर्णय जमल्याचा फोटो आहे.

आणि तुमच्या परिसरात विमान कोसळलंच, तर जवळ जाऊन शूटिंग करू नका. सांडलेलं इंधन कधीही पेट घेऊ शकतं, आणि पॅराशूट असलेल्या विमानात न उडालेलं रॉकेटही असू शकतं. लांब राहा, १०१ किंवा ११२ ला फोन करा आणि अग्निशमनच्या गाड्यांसाठी रस्ता मोकळा ठेवा. घाटकोपरच्या जीवदया लेनसारख्या गल्लीत हे सगळ्यात महत्त्वाचं काम असतं.